विम्बल्डनची पैज आणि घरचा हिशेब

जून महिना सरत आला की टेनिसरसिकांचे डोळे लंडनच्या विम्बल्डनकडे लागतात. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे रामनाथन कृष्णन तेथील उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले, त्या काळापासून आपल्याकडील अनेक घरांत या स्पर्धेविषयी एक जिव्हाळा नांदत आला आहे. हैदराबादच्या सानिया मिर्झा यांनी २०१५ साली मार्टिना हिंगिस यांच्यासमवेत तेथील महिला दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले, तेव्हा तो अधिकच दृढ झाला. अलीकडे मात्र या जिव्हाळ्याच्या पाठोपाठ एक नवा प्रश्न आपल्या घरांच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहिला आहे.

बडोद्याच्या एका वाचक भगिनींनी तो आमच्याकडे धाडला आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतात. कचेरीतील सहकारी विम्बल्डनच्या दिवसांत सामन्यांवर पैजा लावतात, तेथे ते राजरोस चालते, तेव्हा ‘मीही थोडे पैसे लावून पाहू का?’ असे मुलाने घरी विचारले. वडिलांनी ‘जुगार तो जुगारच’ म्हणून विषय संपविला. आईला वाटते की मुलाने निदान विचारले तरी, आता त्याला नुसते दटावले तर पुढल्या खेपेस तो विचारणारही नाही. ‘या बाबतीत शहाणपण म्हणून काही असते काय? असल्यास ते कोणते?’ अशी त्यांची पृच्छा आहे.

या सदरातून आम्ही एरवी विमा, बचत, घरखर्च अशा विषयांचा परामर्श घेतो. पैज हाही अखेर पैशाचाच व्यवहार आहे आणि कोणत्याही व्यवहाराकडे पाहावे तसेच तिच्याकडे पाहावे, अशी आमची धारणा आहे. म्हणून येथे आम्ही कोणास प्रोत्साहनही देणार नाही आणि कानांवर हातही ठेवणार नाही. विकत काय मिळते, त्याची किंमत किती आणि ती कोणाच्या खिशातून जाते, एवढे तीन प्रश्न विचारून पाहू.

प्रथम कायद्याची गोष्ट स्वच्छ केली पाहिजे. आपल्याकडे घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेगळे स्थान दिले. मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा हैदराबादच्या मलकपेठेत तिकीट काढणारा मनुष्य म्हणूनच गुन्हेगार ठरत नाही. टेनिसच्या सामन्याला ते स्थान नाही. १८६७ च्या जुन्या जुगारविरोधी कायद्यापासून आजवरचा आपला कायदा सट्ट्याच्या विरोधातच आहे. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने जो कायदा संमत केला, त्याने इंटरनेटवर पैसे लावून खेळण्याचे प्रकार, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, निषिद्ध ठरविले. त्यांची जाहिरात करणे आणि त्यांसाठी पैशांची देवघेव करून देणे हेही गुन्ह्यांत मोडते. तेव्हा बडोदे, इंदूर, बेळगाव वा पणजी येथे बसून मोबाइलवरून विम्बल्डनवर पैसे लावण्याचा विचारच नको. ‘सर्व्हर परदेशात आहे’ किंवा ‘सगळेच लावतात’ असे सांगणारा मनुष्य आपला हितचिंतक नव्हे. यापुढे आम्ही जे लिहीत आहोत ते, जेथे ही गोष्ट कायदेशीर आहे तेथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांसाठी आणि त्यांच्याशी चार शब्द समजून बोलू इच्छिणाऱ्या आईवडिलांसाठी आहे.

इंग्लंडातही हे दुकान आरंभापासून उघडे नव्हते. १९६० च्या कायद्यान्वये पैजेच्या दुकानांना परवानगी मिळाली आणि १ मे १९६१ पासून ती सुरू झाली. तोवर रस्त्यारस्त्यांवर चोरून पैजा गोळा केल्या जात. जे थांबवता येत नाही ते उजेडात आणून त्यावर नियम बसवावेत, असा तेथील सरकारचा विचार होता. पुढे २००५ च्या जुगारविषयक कायद्याने एक स्वतंत्र आयोग नेमला गेला. परवाना त्याच्याकडून घ्यावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांकडून पैज घेता येत नाही. आणि एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने, म्हणजेच उसन्या पैशाने, पैज लावण्यास तेथे बंदी आहे. या शेवटच्या नियमाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या देशाने हा धंदा साठ वर्षे जवळून पाहिला, त्यालाही अखेर उसन्या पैशाचे दार बंद करावे लागले.

आता दुकानदाराची ओळख करून घेऊ. पुष्कळांची अशी समजूत असते की पैज घेणारा बुकमेकर हा आपल्याशी पैज मारणारा प्रतिस्पर्धी आहे. वस्तुतः तो वाण्यासारखा आहे. वाणी तूर डाळ कोणत्या भावाने घेतली आणि कोणत्या भावाने विकली, या दोहोंतील फरकावर जगतो. बुकमेकरही तसाच फरकावर जगतो. समजा, अगदी तुल्यबळ अशा दोन खेळाडूंचा सामना आहे. न्यायाने पाहता दोघांचाही भाव दोन असावयास हवा, म्हणजे शंभर लावले आणि जिंकले तर मुद्दलासह दोनशे परत. पण दुकानात दोघांपुढेही १.९० असा भाव लिहिलेला असतो. एका गिऱ्हाइकाने एकावर शंभर पौंड लावले, दुसऱ्याने दुसऱ्यावर शंभर. दुकानदाराकडे दोनशे जमा झाले. सामना कोणीही जिंको, त्याला एकशे नव्वद द्यावयाचे आहेत. दहा पौंड त्याच्या गल्ल्यात राहिले आणि त्यासाठी त्याला टेनिसमधले काही कळण्याचीही गरज पडली नाही.

नवशिक्याने पहिला धडा घ्यावयाचा तो हा. भावात दुकानदाराचा हिस्सा आधीच कापलेला असतो. तो किती, हे पाहण्याची रीत सोपी आहे. शंभराला त्या भावाने भागावे. १.९० चा भाव म्हणजे शंभरात सुमारे साडेबावन्न वेळा जिंकण्याची अपेक्षा. दोन्ही खेळाडूंचे आकडे मिळविले तर बेरीज शंभर यावयास हवी. ती येते एकशे पाचाच्या वर. वरचे हे पाच म्हणजे दुकानाचे भाडे. इंग्लंडात जुन्या पद्धतीने भाव अपूर्णांकांतही लिहितात. ‘चारास एक’ म्हणजे एक पौंड लावून जिंकल्यास चार पौंड नफा आणि आपला एक परत. दशांश पद्धतीत तो पाचाचा भाव झाला. उलट ‘एकास चार’ म्हणजे चार लावावे तेव्हा एक मिळावा. हा फरक ज्याला कागदावर मांडता येत नाही, त्याने दुकानाची पायरी चढू नये.

महाभारताच्या वनपर्वात नळराजाची कथा येते ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. द्यूतात सर्वस्व घालवून बसलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे विदर्भाकडे निघाले असता वाटेत बेहड्याचे एक झाड लागते आणि त्याच्या फांद्यांवर पाने किती, फळे किती, हे ऋतुपर्ण रथात बसल्या बसल्या सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून खाली उतरतो, फळे मोजतो आणि संख्या तंतोतंत जुळते. ऋतुपर्ण म्हणतो की ज्या विद्येने हे मोजले तीच फाशांची विद्या आहे. ती घेतल्यावर नळाच्या अंगातून कली निघून जातो. आमच्या मते या कथेचे मर्म नळाने पुढे राज्य परत जिंकले यात तितकेसे नाही, जितके ते झाडाखाली थांबून फळे मोजण्यात आहे. हरत होता तोवर नळाने काहीही मोजले नव्हते.

टेनिसमध्ये फळे मोजावयाची म्हणजे काय करावयाचे? भावाच्या फळ्याकडे पाहण्यापूर्वी आपण स्वतः एक आकडा लिहावयाचा. हा खेळाडू त्या खेळाडूशी, या मैदानावर, शंभर वेळा खेळला तर किती वेळा जिंकेल? आपला आकडा साठ आणि भावातून निघणारा आकडा साठच असेल तर पैजेत काही अर्थ नाही, कारण हिस्सा मात्र द्यावाच लागणार. आपला आकडा स्पष्टपणे मोठा असेल तरच विचार करावा आणि तेव्हाही ‘जे दुकानदाराला दिसले नाही ते मला कसे दिसले?’ असे स्वतःस विचारावे. बहुधा उत्तर ‘तो माझा आवडता खेळाडू आहे’ असे निघते. तेथे थांबणे बरे.

हा आकडा ठरविताना कोणत्या गोष्टी लक्षात घ्याव्यात, तेही सांगतो. पहिली गोष्ट मैदानाची. चार प्रमुख स्पर्धांपैकी मेलबर्न आणि न्यूयॉर्क येथे कठीण पृष्ठभाग, पॅरिसला तांबडी माती आणि विम्बल्डनला हिरवळ. मातीवर चेंडू मंदावतो व उंच उसळतो. हिरवळीवर तो खाली राहतो व वेगाने सरकतो, त्यामुळे जबरदस्त सर्व्हिस असणाऱ्यास तेथे लाभ होतो. यामुळे एकच मनुष्य दोन ठिकाणी दोन निराळे खेळाडू असल्यासारखा वागतो. पीट सँप्रास यांनी विम्बल्डन सात वेळा जिंकले, पण पॅरिसची अंतिम फेरी त्यांना एकदाही गाठता आली नाही. इव्हान लेंडल यांनी आठ प्रमुख अजिंक्यपदे मिळविली, त्यांत विम्बल्डन नाही. १९८६ आणि १९८७ साली ते तेथे अंतिम सामना हरले. राफाएल नदाल यांनी पॅरिसला चौदा अजिंक्यपदे मिळविली, ११२ सामने जिंकले आणि केवळ चार हरले. विम्बल्डनची अजिंक्यपदे मात्र दोनच. जागतिक क्रमवारीतील नुसता क्रमांक पाहून पैसे लावणारा मनुष्य हे सारे विसरतो.

दुसरी गोष्ट सामन्याच्या लांबीची. प्रमुख स्पर्धांत पुरुष एकेरीचा सामना पाच सेटचा, महिलांचा तीन सेटचा. एखाद्याचा प्रत्येक सेट जिंकण्याचा संभव शंभरात साठ धरला, तर तीन सेटांच्या सामन्यात तो सुमारे पासष्ट वेळा जिंकेल आणि पाच सेटांच्या सामन्यात अडुसष्ट वेळा. सामना लांबला की सरस खेळाडूस सावरण्यास अवसर मिळतो. रॉजर फेडरर यांनी २०२४ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात आपल्याविषयी एक हिशेब सांगितला. कारकीर्दीतील १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के त्यांनी जिंकले; परंतु त्या सामन्यांतील गुणांपैकी त्यांनी जिंकलेले गुण अवघे चौपन्न टक्के! या खेळात रेषा इतक्या बारीक असतात. गुणागणिक किंचित सरस असणारा सामन्याच्या अखेरीस पुष्कळच सरस ठरतो आणि तरीही प्रत्येक गुण जवळजवळ निम्म्या संभवाचा असतो.

तिसरी गोष्ट स्पर्धेच्या रचनेची. एकेरीत एकशे अठ्ठावीस खेळाडू असतात आणि अजिंक्यपदासाठी सात सामने सलग जिंकावे लागतात. समजा, कोणी इतका बलाढ्य आहे की प्रत्येक सामना जिंकण्याचा त्याचा संभव शंभरात नव्वद. साती सामने तो जिंकेल असे शंभरातून किती वेळा घडेल? गुणाकार करून पाहावा. उत्तर अठ्ठेचाळीसच्याही आतच येते. म्हणजे सारे ज्यास अजिंक्य मानतात असा वीरही निम्म्याहून अधिक वेळा चषकाविना घरी जावा, हेच गणिताला धरून आहे.

इतिहास याला साक्ष आहे. पॅरिसच्या मातीवर लागोपाठ एकतीस सामने जिंकलेल्या नदाल यांना २००९ साली चौथ्या फेरीत स्वीडनच्या रॉबिन सोडरलिंग यांनी घरी पाठविले. गोरान इव्हानिसेविच यांना २००१ साली विम्बल्डनमध्ये प्रवेश मिळाला तोच मुळी संयोजकांच्या विशेष निमंत्रणाने. क्रमवारीत ते एकशे पंचविसावे होते आणि अजिंक्यपद घेऊन गेले. २०२१ साली एमा राडुकानू ही अठरा वर्षांची इंग्लिश मुलगी न्यूयॉर्कला पात्रता फेरीतून आली आणि एकही सेट न गमावता दहा सामने जिंकून विजेती झाली. अशा कथा वाचल्या की ‘अशीच एखादी अज्ञात मुलगी आपण हेरावी’ असा मोह होतो. परंतु पात्रता फेरीतून येऊन प्रमुख स्पर्धेचे एकेरी अजिंक्यपद जिंकल्याचे उदाहरण त्या दिवसापर्यंत एकही नव्हते, हेही त्याच कथेत लिहिलेले असते. ते आपण वाचत नाही.

येथे इंग्लंडातलीच एक खरी हकीकत सांगण्याजोगी आहे. ऑक्सफर्डशायरमधील एका गृहस्थांनी २००३ साली, फेडरर २०१९ पर्यंत विम्बल्डन सात वेळा जिंकतील, अशी पैज सहासष्टास एक या भावाने लावली. रक्कम होती १,५२० पौंड. गृहस्थ २००९ साली निवर्तले. मृत्युपत्रात त्यांनी ती पैज ऑक्सफॅम या सेवाभावी संस्थेस देऊन ठेवली होती. २०१२ साली फेडरर सातव्यांदा जिंकले आणि संस्थेच्या पदरात १,०१,८४० पौंड पडले. हकीकत मोठी गोड आहे. परंतु तिच्यापासून धडा घेताना दोन गोष्टी विसरू नयेत. ज्यांच्या पैजा बुडाल्या त्यांची हकीकत कोणत्याही वृत्तपत्रात छापून येत नाही. आणि ज्यांनी ही पैज जिंकली त्यांना तो दिवस पाहावयास मिळाला नाही.

आता नवशिक्यास ज्या खाचखळग्यांपासून सावध करावयाचे ते सांगतो. पहिला खळगा ‘खात्रीच्या’ भावाचा. बलाढ्य खेळाडूवर १.१० असा भाव असतो. शंभर लावावे तेव्हा दहा मिळावेत. ‘हा काय हरणार!’ असे वाटते. तो शंभरात नव्वद वेळा जिंकतो असे धरा. नव्वद वेळा दहा मिळून नऊशे आले आणि दहा वेळा शंभर मिळून हजार गेले. इतका बलाढ्य खेळाडू निवडूनही आपण शंभरांनी खोटात!

दुसरा खळगा साखळी पैजेचा, जिला तेथे ॲक्युम्युलेटर म्हणतात. चार सामन्यांचे निकाल एकत्र बांधावयाचे, चारही बरोबर आले तर मोठी रक्कम. तुल्यबळ चार सामने १.९० च्या भावाने बांधले तर एका पौंडाचे तेरा होतात. न्यायाने व्हावयास हवेत सोळा. एका पैजेत दुकानदाराने शेकडा पाच घेतले होते. साखळीत तो अठराच्या वर घेतो. जाहिरातीत मात्र याच पैजा ठळक अक्षरांत असतात, ते का, हे आता निराळे सांगावयास नको.

तिसरा खळगा सामना चालू असताना लावण्याच्या पैजेचा. दूरचित्रवाणीवरील चित्र मैदानावरील घटनेच्या काही सेकंद मागे असते. मैदानात बसून गुण पडताच बाहेर कळविणारी माणसे असतात. २०१४ साली मेलबर्नच्या स्पर्धेत अशाच कारणावरून एका इंग्रज तरुणास पोलिसांनी पकडले होते, पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आला. आपण घरी चित्र पाहून पैसे लावतो तेव्हा समोरच्यास तो गुण आधीच कळलेला असू शकतो. ऑस्ट्रेलियात तर चालू सामन्यावर इंटरनेटवरून पैज घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. शिवाय चालू सामन्यातली पैज दर दोन मिनिटांनी हात शिवशिवविते, हा तिचा मोठा दोष.

चौथा खळगा, हरल्यावर दुप्पट लावण्याचा. ‘कधीतरी जिंकेनच आणि सारे भरून निघेल’ हा यातला तर्क. शंभरापासून आरंभ करून लागोपाठ सात वेळा हरले की १२,७०० गेलेले असतात आणि आठव्या वेळी १२,८०० लावावे लागतात. ते कशासाठी, तर मूळच्या शंभराच्या लाभासाठी!

पाचवी गोष्ट खळगा नव्हे, नियमांची आहे. सामना अर्धवट सुटला तर काय? २०२५ च्या विम्बल्डनमध्ये ग्रिगोर दिमित्रोव्ह यानिक सिनर यांच्याविरुद्ध दोन सेटांनी आघाडीवर असताना दुखापतीमुळे मैदान सोडते झाले. सिनर पुढे गेले आणि अजिंक्यही ठरले. अशा सामन्यात काही दुकाने पुढे जाणाऱ्यास विजेता धरून पैसे देतात, काही पैज रद्द करून मुद्दल परत करतात. नियम आधी वाचावेत. आणि खालच्या दर्जाच्या छोट्या स्पर्धांच्या वाटेस जाऊच नये. पोलंडमधील सोपोट येथे २००७ साली एका सामन्यावर इतका विलक्षण पैसा लागला की त्यावरील पैजा रद्द कराव्या लागल्या. दोन्ही खेळाडू चौकशीअंती निर्दोष ठरले. परंतु या प्रकरणानंतर खेळाच्या सचोटीसाठी २००८ मध्ये स्वतंत्र पथक स्थापावे लागले. जेथे खेळाडूची कमाई तुटपुंजी तेथे प्रलोभन मोठे, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि हे सर्व समजून घेऊन एखादा खरोखरच जिंकू लागला तर? इंग्लंडातील कित्येक कंपन्या अशा गिऱ्हाइकाची पैज काही पौंडांवर आणून ठेवतात किंवा त्याचे खाते बंद करतात. हरणाऱ्याचे दार मात्र सदैव उघडे! एवढ्या एका गोष्टीवरून हे दुकान कोणासाठी चालते ते ध्यानी यावे.

यावरून आमचा निष्कर्ष असा. पैज हे उत्पन्नाचे साधन नव्हे. फार तर ती एक करमणूक आहे आणि नाटकाच्या तिकिटाप्रमाणे तिची किंमत असते. शहाणा तो, जो ती किंमत आधी ठरवितो आणि गेली असे समजूनच खर्चतो. बडोद्याच्या भगिनींच्या चिरंजिवांस आमचे सांगणे असे की पहिले विम्बल्डन त्यांनी कागदावरच खेळावे. पुरुष एकेरीत एकशे सत्तावीस सामने होतात. त्यांतले तीस निवडावे. प्रत्येकापुढे आपला आकडा, फळ्यावरचा भाव आणि कल्पित एक पौंड लिहावा. पंधरवड्याअखेर बेरीज करावी. वहीत तोटा दिसला तर धडा फुकटात मिळाला. नफा दिसला तरी तीस सामने म्हणजे फार थोडे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतरही पैसे लावावयाचेच असतील तर साऱ्या स्पर्धेसाठी एक रक्कम ठरवावी, महिन्यातून एकदा सिनेमा आणि बाहेरचे जेवण यांवर जाते तेवढी. तिचे वीस समान भाग करावेत आणि एका सामन्यावर एकाहून अधिक भाग लावू नये. रक्कम संपली की स्पर्धा केवळ पाहावी. घरभाड्याचा, शिक्षणाच्या कर्जाचा, आईवडिलांना धाडावयाचा पैसा हा आपला नव्हेच असे मानावे. दर आठवड्याला किती पैसे भरता येतील याची मर्यादा खात्यावर आपणच घालून ठेवता येते, ती पहिल्याच दिवशी घालावी. हात आवरत नाही असे वाटू लागताच इंग्लंडात गॅमस्टॉप या विनामूल्य व्यवस्थेत नाव नोंदवावे. सहा महिने, एक वर्ष वा पाच वर्षे तेथील परवानाधारक कंपन्यांची इंटरनेटवरील दारे आपल्याला बंद होतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून बेटस्टॉप नावाची तशीच व्यवस्था आहे.

शेवटचा नियम आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा. लावलेला प्रत्येक पैसा घरातल्या निदान एका माणसास ठाऊक असावा. पैजेने बुडालेल्या संसारांत पहिली मोठी गोष्ट घडते ती हरणे ही नव्हे, लपविणे ही होय. शंभर पौंड हरल्याचे सांगता आले नाही म्हणून पाचशे लावले जातात. पाचशे लपविण्यासाठी कर्ज निघते. युधिष्ठिर पहिल्या डावातच सर्वस्व हरला नव्हता. भरलेल्या सभेत ‘आता पुरे’ असे म्हणून त्याला कोणी उठवू शकले नाही आणि जी बोलू शकली असती तिला विचारण्याची वेळ आली तेव्हा ती स्वतःच पणाला लागली होती.

म्हणून आईवडिलांनी मुलाचा प्रश्न दाबून टाकू नये, असे आम्ही सुचवितो. वडिलांचा विरोध चुकीचा नाही. वरचे सारे गणित त्यांच्याच बाजूचे आहे. तेव्हा त्यांनी ते गणित मुलासमोर मांडावे. ‘लावू नकोस’ हे वाक्य दूरध्वनी खाली ठेवताच संपते, १.९० आणि १.९० ची बेरीज ज्याने एकदा स्वतः मांडली, त्याच्या ती जन्मभर स्मरणात राहते. आणि ‘या आठवड्यात किती गेले?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ या प्रश्नाइतक्याच सहज स्वराने विचारता आला पाहिजे. मुलाने विचारले, हे त्या घराचे मोठे भाग्य. विचारण्याची वाट मोकळी राहिली तर आकड्यांची काळजी पुष्कळशी आपोआप मिटते.

पुढील अंकी, परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलामुलींनी आरोग्यविम्याची कागदपत्रे कशी वाचावीत, याचा विचार करू.